लष्कराविरुद्धची केस फेटाळली गेली, आता अपील कुठं करायचं?

मागच्या अंकात डिसॅबिलिटी पेन्शनवर, म्हणजे फौजेच्या नोकरीत आलेल्या आजार-अपंगत्वासाठीच्या पेन्शनवर, थोडं लिहिलं होतं, तेव्हापासून टपालात आणि व्हॉट्सॲपवर त्याच विषयाची पत्रं येतायत आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, केस केली होती, फेटाळली, आता काय करू. त्यातली पाच इथं घेतलीयेत. नावं कुणाचीच छापत नाही, गावंही नाहीत, पत्रं जरा आटोपशीर केलीत एवढंच.

प्रश्न : ताई नमस्कार, मी सातारा जिल्ह्यातून लिहितेय. माझे वडील पायदळात हवालदार होते, १९९४ ला भरती झाले आणि २०११ ला लो मेडिकल कॅटेगरी म्हणून त्यांना मुदतीआधीच घरी पाठवलं. बीपी होतं, मेडिकल बोर्डाने ३० टक्के डिसॅबिलिटी लिहिली पण आजार नोकरीमुळे झाला नाही असा शेरा मारला, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन दिली नाही, फक्त सर्व्हिस पेन्शन चालू आहे. २०१२ ला खात्याकडे अपील केलं, तेही नामंजूर. मग त्यांनी नाद सोडला. २०२३ ला मी मागं लागून ट्रिब्यूनलमध्ये केस टाकली, ती दोन महिन्यांपूर्वी फेटाळली. ११ वर्षं उशीर झाला आणि बोर्डाचं मत आम्ही बदलू शकत नाही असं लिहिलंय. वकील म्हणतात आता काही होत नाही. पप्पा कुणाशी बोलत नाहीत, नुसते ओट्यावर बसून असतात. खरंच काही होत नाही का?

उत्तर : होतं गं. पण पहिलं काम कर, हा अंक वाचून झाला की कॅलेंडर घे आणि निकालाच्या तारखेपासून आजपर्यंत किती दिवस झाले ते मोज. मी खरंच सांगते, माझ्याकडे आलेल्या कितीतरी केसेसमध्ये माणसाची बाजू चांगली होती, कागद चांगले होते, आणि हातातून गेलं ते फक्त दिवसांच्या हिशेबात. निकालाची सर्टिफाइड कॉपी, आपण नक्कल म्हणतो ती, घेतलीये का? नसेल तर उद्याच्या उद्या अर्ज टाक.

आता दारं कुठली उघडी आहेत ते बघू. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्यूनल म्हणजे एएफटी, हे २००७ च्या कायद्याने झालं आणि २००९ पासून चालू आहे, त्याआधी फौजींच्या केसेस हायकोर्टात पडून असायच्या. बेंचवर एक न्यायाधीश मेंबर आणि एक लष्करातून रिटायर झालेला मोठा अधिकारी असे दोघं बसतात. त्यांनी केस फेटाळली तर तीन वाटा. एक रिव्ह्यू, म्हणजे त्यांच्याच पुढं फेरविचाराचा अर्ज, तो नक्कल मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि तोही निकालात ढळढळीत चूक असली तरच, म्हणजे तारीख चुकली, कागद बघितलाच नाही असं काही. निकाल पटला नाही म्हणून रिव्ह्यू होत नाही. तुझ्या केसमध्ये बहुधा ती मुदत गेलीये आणि गेली तरी फार नुकसान नाही.

दुसरी वाट सुप्रीम कोर्ट. एएफटी कायद्याच्या कलम ३० मध्ये ९० दिवसांत सुप्रीम कोर्टात अपील आहे, पण ते सरळ होत नाही, कलम ३१ आडवं येतं. आधी परवानगी लागते, लीव्ह म्हणतात तिला. ती ट्रिब्यूनलकडे ३० दिवसांत मागायची, त्यांनी नाकारली तर पुढच्या ३० दिवसांत सुप्रीम कोर्टाकडे मागायची, आणि ट्रिब्यूनल परवानगी कधी देतं तर सगळ्या जनतेच्या दृष्टीने महत्त्वाचा असा कायद्याचा प्रश्न असेल तरच. म्हणून जाणते वकील निकाल वाचून होताच तिथल्या तिथं तोंडी परवानगी मागून ठेवतात, तुझ्या निकालाच्या शेवटच्या पानावर तसं एखादं वाक्य आहे का बघ. मुदत गेली असली तरी कलम ३२ खाली सुप्रीम कोर्ट ती वाढवून देऊ शकतं, पण कारण भक्कम लागतं.

तिसरी वाट हायकोर्ट, आणि तुझ्या वकिलांचं जे म्हणणं आहे ना की काही होत नाही, ते मला वाटतं इथं अडकलंय. २०१५ मध्ये मेजर जनरल श्रीकांत शर्मा यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की एएफटीच्या निकालाविरुद्ध हायकोर्टाने रिट, म्हणजे घटनेतल्या अधिकाराखाली थेट हायकोर्टात होणारी याचिका, घेऊ नये, सुप्रीम कोर्टात अपील आहे ना, तिकडं जा. त्यामुळं पुढची कित्येक वर्षं साध्या शिपायाला, नायकाला, हवालदाराला एकच दार उरलं ते दिल्लीचं, आणि दिल्लीत वकील देणं कुणाला परवडतंय. मग मार्च २०२३ मध्ये परशोतम दास यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की तो २०१५ चा निकाल बरोबर नव्हता, घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टाचा अधिकार कुणी काढून घेऊ शकत नाही. म्हणजे आज तू हायकोर्टात रिट करू शकतेस. हे अजून सगळ्या वकिलांपर्यंत नीट पोचलेलं नाहीये, गावाकडं तर नाहीच, म्हणून मुद्दाम एवढं सविस्तर लिहितेय.

मला विचारशील तर हायकोर्टच. कारण पप्पांच्या केसमध्ये नवीन कायद्याचा प्रश्न काही नाही, कायदा आधीच ठरलेला आहे आणि ट्रिब्यूनलने तो लावला नाही, एवढंच भांडण आहे. रिटला ९० दिवस अशी छापील मुदत नसते पण उशीर झाला की कोर्ट विचारतंच, म्हणून ९० दिवसांच्या आतच टाका. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा जिल्हा त्यात येतो, तिथं ही रिट दाखल होते का मुंबईतच करावी लागते ते रजिस्ट्रीत आधी विचारून घ्या, झालं तर मुंबईचे हेलपाटे वाचतील.

आता मुद्दे. ११ वर्षं उशीर हा पहिला. २००८ चा सुप्रीम कोर्टाचा तरसेम सिंग निकाल आहे, तोही डिसॅबिलिटी पेन्शनचाच, तो जवान १९८३ ला बाहेर पडला आणि १९९९ ला हायकोर्टात गेला, सोळा वर्षांनी. कोर्टाने काय म्हटलं तर पेन्शन न देणं ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक आहे, त्यामुळं उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, फक्त मागची थकबाकी केस टाकायच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे पप्पांना २०११ पासूनचे पैसे मिळणार नाहीत, हे आत्ताच मनाशी धरा, पण २०२० पासूनचे मागता येतील आणि पुढं आयुष्यभर. नुसत्या उशिरावर केस फेटाळणं या निकालात बसत नाही, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा.

दुसरा, बोर्डाचं मत अंतिम. इथं धरमवीर सिंग यांचा २ जुलै २०१३ चा निकाल. सिग्नल कोअरचा जवान, १९८५ ला भरती, १९९४ ला फिट येतात म्हणून २० टक्के डिसॅबिलिटी लावून बाहेर. हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांकडे जिंकला, दोघांच्या बेंचपुढं हरला, आणि सुप्रीम कोर्टात परत जिंकला. त्यात ठरलं ते असं की भरतीच्या वेळी कागदावर कुठला आजार नोंदलेला नसेल तर माणूस धडधाकट आत आला असं धरायचं, नंतर आजार झाला तर तो नोकरीमुळे असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही, सरकारची. बोर्डाला नुसता शेरा मारून चालत नाही, कारण लिहावं लागतं. दिल्ली हायकोर्टाने २०२५ मध्ये हेच धरून सरकारच्या शेकडो याचिका फेटाळल्या, पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूर शांत ठिकाणी, पोस्टिंग होती एवढं कारण पुरत नाही असंही म्हटलं. बोर्ड म्हणतं 'नाना', म्हणजे आजार नोकरीने झालाही नाही आणि नोकरीने वाढलाही नाही. हा शब्द फौजेतल्या प्रत्येकाला पाठ आहे.

एक गोष्ट आज संध्याकाळी कर. पप्पांचा तो मेडिकल बोर्डाचा कागद काढ, बहुतेक जण डिस्चार्ज बुकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवतात, घड्यांवर फाटलेला असतो. त्यात एक रकाना असतो, हा आजार भरती होण्याआधी होता का. मी आजवर जेवढे असे कागद हातात घेतलेत त्यातल्या बहुतेकांत तिथं बोर्डाच्याच डॉक्टरच्या अक्षरात लिहिलेलं असतं, नाही. आणि मग दोन पानं पुढं, नाना. एकाच कागदावर एकाच सहीने दोन्ही. मागच्या वर्षी एका रिटायर नायकाबरोबर मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, मॅडम हे तर बारा वर्षं माझ्या ट्रंकेत होतं. कागद सापडत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात माग, स्वतःच्या मेडिकलचे कागद माणसाला मिळतात.

आणि ३० टक्के आहेत ते ३० राहत नाहीत. ५० च्या आतली टक्केवारी ५० धरतात, तिथून ७५ पर्यंतची ७५, त्याच्या वरची १००. याला ब्रॉडबँडिंग म्हणतात, १ जानेवारी १९९६ पासून लागू आहे आणि रामअवतार यांच्या डिसेंबर २०१४ च्या निकालाने ते मुदत भरून रिटायर झालेल्यांनाही मिळालं. रिटमध्ये ही मागणी स्वतंत्र लिहा, न मागितलेलं कोर्ट देत नाही.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तू उगाच फार मोठी आशा धरशील. सगळेच जिंकत नाहीत. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पेन्शन नाकारली, मानसिक आजार होता, भरतीच्या वेळी तो दिसूच शकत नाही असं म्हणून. बोर्डाने सविस्तर कारण लिहिलेलं असेल, वजन खूप होतं, दारू-सिगारेट होती, डॉक्टरांनी सांगून ऐकलं नाही असं नोंदलेलं असेल तर केस अवघड जाते. म्हणून आधी कागद वाचा, मग वकील ठरवा. आणि जे २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेत त्यांना २०२३ चे नवीन नियम लागतात, ते जास्त कडक आहेत, पप्पांना ते लागत नाहीत.

शेवटचं म्हणजे आता पंतप्रधान, राष्ट्रपती, पोर्टल, आमदार, कुठंही अर्ज पाठवत बसू नका. पाठवायला हरकत नाही पण त्याने घड्याळ थांबत नाही. लोक अर्ज करतात, उत्तराची वाट बघतात, सहा महिन्यांनी छापील उत्तर येतं की आपण न्यायालयात दाद मागावी, आणि तोवर मुदत गेलेली असते. पप्पांना एवढं सांग की तुमच्यासारखाच एक जवान दोघा न्यायाधीशांपुढं हरून मग जिंकलाय, आणि आज सगळा देश त्याचा निकाल दाखवून पेन्शन मागतोय.

प्रश्न : मॅडम, मी आयुध कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून २०१९ ला रिटायर झालो. पगार जास्त दिला गेला म्हणून ग्रॅच्युइटीतून सव्वादोन लाख कापले. मी दिवाणी कोर्टात दावा लावला, चार वर्षं चालला आणि आता कोर्ट म्हणतं आम्हाला अधिकारच नाही, दावा फेटाळला. अपील जिल्हा कोर्टात करू का मिलिटरीच्या ट्रिब्यूनलमध्ये जाऊ? वय ६६ आहे.

उत्तर : काका, दोन्ही नको. तुम्ही संरक्षण खात्यात होतात पण वर्दीत नव्हता, सिव्हिलियन होतात. एएफटी फक्त आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या कायद्यांखाली येणाऱ्यांचं. आयुध कारखाने, एमईएस, डेपो, वर्कशॉप इथल्या सिव्हिलियन कर्मचाऱ्यांचं ट्रिब्यूनल वेगळं, सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ट्रिब्यूनल, कॅट म्हणतात, १९८५ च्या कायद्याचं, त्याचं बेंच मुंबईत आहे. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, चांदा, अंबाझरी, आपल्याकडं एवढे कारखाने आहेत आणि अजून लोक चुकीच्या दारात जातात, वाईट वाटतं. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध कारखान्यांचं बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या म्हणून काहींना वाटतं आता कॅट नाही, पण तुम्ही त्याआधीच रिटायर झालात, तुम्हाला तो प्रश्नच नाही.

दिवाणी कोर्टाने अधिकार नाही म्हटलंय ते बरोबर आहे, त्याविरुद्ध अपील करून अजून तीन-चार वर्षं घालवू नका. कॅटमध्ये मूळ अर्ज टाका. तिथली मुदत एक वर्षाची आहे, ती गेलीये, म्हणून बरोबर विलंब माफीचा अर्ज जोडायचा आणि त्यात दिवाणी कोर्टातली चार वर्षं तारखेसह मांडायची, दावा कधी लावला, कधी निकाल लागला. माणूस प्रामाणिकपणे चुकीच्या कोर्टात भांडत होता तर तो काळ वगळावा हे तत्त्व मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे आणि कोर्टं ते समजून घेतात. अट एकच, दावा फेटाळल्यानंतर तुम्ही हातावर हात धरून बसलेला नसावा. त्यामुळं महिन्याभरात टाका.

रिकव्हरीबद्दल तर तुमची बाजू चांगली वाटते. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, सुप्रीम कोर्ट, डिसेंबर २०१४. क्लास थ्री आणि फोर कर्मचाऱ्याकडून, किंवा रिटायर झालेल्या, एका वर्षात रिटायर होणाऱ्या माणसाकडून, त्याची काही फसवाफसवी नसताना जादा दिलेला पगार वसूल करू नये असं त्यात आहे. फक्त पगार फिक्स करताना तुम्ही जास्तीचं परत करीन असं लिहून दिलं होतं का ते आठवा, तसं हमीपत्र असलं तर खातं तेच पुढं करतं. कॅटमध्येही विरोधात गेलं तर हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांच्या बेंचकडे रिट आहे, १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून तो हक्क पक्का आहे.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित जमीन लष्कराच्या हद्दीला लागून आहे. त्यांनी तारेचं कुंपण आमच्या बाजूला सरकवलं, साधारण २२ गुंठे आत गेले. मी तिथल्या कमांडरच्या नावाने दावा केला. कोर्टाने नोटीस दिली नाही आणि सरकारला पक्षकार केलं नाही म्हणून दावाच नाकारला. वकील म्हणतात अपील करू. करू का?

उत्तर : भाऊ, नुसतं अपील करण्याआधी ऑर्डर वाचा की दावा 'नामंजूर' केलाय का 'दावापत्र नाकारलंय'. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साक्षीपुरावे होऊन फेटाळला असेल तर अपीलच करावं लागतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९६, जिल्हा कोर्टात असेल तर ३० दिवस आणि हायकोर्टात जाणारं असेल तर ९० दिवस, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज कधी टाकला आणि नक्कल कधी तयार झाली हे नकलेच्या मागच्या शिक्क्यावर असतं ते जपून ठेवा. पण सुरुवातीलाच त्याच संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११ खाली दावापत्र नाकारलं असेल, तुमचं तेच दिसतंय, तर त्यावर अपील चालतं पण त्याची गरज नाही, त्याच ऑर्डरच्या रूल १३ प्रमाणे नवीन दावा लावता येतो.

आणि नवीन दावाच लावा, कारण चूक खरोखरच होती. अपिलात जाऊन तुम्ही काय सांगणार, नोटीस दिली होती? दिली नव्हती. केंद्र सरकारविरुद्ध दावा करायचा तर कलम ८० ची लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती पोचल्यावर दोन महिने थांबावं लागतं. आणि प्रतिवादी म्हणून कमांडर नाही, खातं नाही, छावणी नाही, तर 'युनियन ऑफ इंडिया', म्हणजे भारत सरकार, कलम ७९ तेच सांगतं, आणि त्याच्या खाली संरक्षण मंत्रालयाचे सचिव, डिफेन्स इस्टेट ऑफिसर, आणि गरज असेल तर जिल्हाधिकारी. नोटिशीत नाव-पत्ता, गट नंबर, काय झालं, कधी झालं, काय मागणं आहे, सगळं स्पष्ट हवं, कारण नंतर दाव्यात त्यापेक्षा वेगळं मागितलं की हरकत येते. रजिस्टर एडीने पाठवा, पोचपावती दाव्याला जोडा. नोटिशीचे दोन महिने मुदतीत धरत नाहीत.

ते थांबेपर्यंत मोजणी करून घ्या. भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी, आणि कुंपणाचे फोटो, जुनं कुंपण कुठं होतं हे सांगणारे शेजारी, जुना गाव नकाशा, आकारफोड. जमिनीच्या ताब्यासाठी मालकी हक्कावर १२ वर्षांची मुदत असते. कुंपण कधी सरकलं ते वर्ष तुम्ही लिहिलं नाहीत, ते सगळ्यात आधी पक्कं करा. लष्कर देशासाठी आहे आणि आपल्याला त्याचा आदर आहे, पण २२ गुंठे घ्यायचे असले तर भूसंपादनाचा कायदा आहे, मोबदला आहे, नुसती तार सरकवून जमीन घेता येत नाही.

प्रश्न : ट्रिब्यूनलमध्ये माझी केस तारखेला वकील हजर नव्हते म्हणून काढून टाकली. मला दीड महिन्याने कळलं. सुप्रीम कोर्टात जावं लागेल का?

उत्तर : नाही, सुप्रीम कोर्ट वगैरे काही नको. गैरहजेरीमुळं केस निघाली म्हणजे तिच्यातल्या मुद्द्यावर कुणी काही ठरवलेलंच नाही. त्याच बेंचपुढं केस परत बोर्डावर घ्या असा रिस्टोरेशनचा अर्ज करायचा, बरोबर उशीर माफ करण्याचा अर्ज, आणि वकील का नव्हते, तुम्हाला कधी आणि कसं कळलं याचं प्रतिज्ञापत्र. वकील आजारी होते तर डॉक्टरचा कागद. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको असं कोर्टं बरेचदा म्हणतात, पण दीड महिना झालाय, अजून एक आठवडा घालवलात तर तो तुमच्या खात्यावर लागेल. आणि इथून पुढं केस नंबर मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढची तारीख साइटवर स्वतः बघत जा, मुलाला नातवाला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : माझे मिस्टर सुभेदार होते. पायाच्या दुखापतीच्या पेन्शनची त्यांची केस मागच्या दिवाळीच्या आधी फेटाळली, त्याच धसक्याने म्हणा, पौषात ते गेले. मला फॅमिली पेन्शन आहे. त्यांची केस मी पुढं नेऊ शकते का? मला त्यातलं काही कळत नाही आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत. पण ते शेवटपर्यंत म्हणत होते की मी खोटं बोललो नाही.

उत्तर : मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझे वडीलही फौजेत होते, त्यामुळं हे शेवटचं वाक्य मला परकं नाही. पैशापेक्षा हेच जास्त लागतं माणसाला, की आपण ड्युटीवर पडलो आणि कागदावर मात्र कुणीतरी लिहिलं, ड्युटीशी संबंध नाही.

हो, तुम्ही केस पुढं नेऊ शकता. त्यांच्या मरणाने डिसॅबिलिटी पेन्शनची मागणी मरत नाही, त्यांच्या हयातीतली जी थकबाकी होते ती वारसाला मिळते, पत्नी म्हणून तुम्ही रिट करू शकता. वारस म्हणून तुमचं नाव त्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, असेलच, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं जोडायची. दुखापतीच्या केसमध्ये मेडिकल बोर्डापेक्षा कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची खात्यातली चौकशी, आणि इंज्युरी रिपोर्ट महत्त्वाचे, दुखापत झाली त्या दिवशी ते ड्युटीवर होते का सुट्टीवर, युनिटच्या सीओने, म्हणजे कमांडिंग ऑफिसरने, त्यावर काय लिहिलं, ते कागद शोधा. मिस्टरांच्या बरोबरचे कुणी जवान तेव्हा तिथं असतील तर त्यांचा नंबर काढा, फौजी माणूस अशा वेळी धावून येतो. दिवाळीपासून बरेच दिवस गेलेत, पण त्यात त्यांचं आजारपण आणि जाणं आहे, ते कारण प्रतिज्ञापत्रात जसं घडलं तसं लिहा, तारखा घालून. कुठलंही माणुसकी असलेलं कोर्ट ते ऐकून घेईल.

पैशाचं म्हणाल तर वकील तुम्हाला फुकट मिळू शकतो आणि हे उपकार नाहीत, कायदा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२, त्यात कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अपंग व्यक्तीलाही मिळतो, म्हणजे मिस्टर असते तर त्यांनाही मिळाला असता, त्यांना हे कुणी सांगितलंच नसणार. हायकोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती आहे, अर्ज तिथं जातो, पण तुम्ही आधी तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जा, ते पुढं पाठवतात. शिवाय जुलै २०२५ मध्ये नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना काढलीये, खास फौजींच्या कुटुंबांसाठी, त्यात सैनिक बोर्डाच्या कार्यालयांतच कायदेशीर मदतीची केंद्रं चालवायची आहेत. म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन हे नाव घेऊन विचारा, तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असतात, तुम्हाला अर्ज भरायला बसवून घेतील.

एकट्या जाऊ नका, मुलगा नाहीतर भाचा कुणीतरी बरोबर घ्या. पीपीओ, डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, आधार आणि निकालाची नक्कल, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा आणि ओरिजिनल कुणाच्याही हातात देऊ नका, दाखवून परत पिशवीत.